शेजारी ओळखीचा आहे ना?
दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीतून साताऱ्याला धाडलेला फोटो मोठ्या साठवण यंत्रणेत एकाच संगणकाच्या भरवशावर नसतो. ‘सेफ’सारख्या प्रणालीत सहसा तीन प्रती असतात. त्या संगणकांमधल्या वाटा अनेक ठिकाणी बीजीपी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत, ठरवतं. इंटरनेटवरही चालणारं हे बीजीपी मुळात भोळं. शेजारी राउटर सांगेल तो रस्ता खरा! २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता अडवलेला यूट्यूबचा मार्ग बाहेर फुटला आणि जगभर यूट्यूब दोनेक तास खोळंबलं.

म्हणून शेजाऱ्यांमध्ये पासवर्ड हवा, कुणाकडून कोणते पत्ते घ्यायचे याची यादीही हवी. लांबून कुणी शेजाऱ्याचं सोंग घेऊ नये, यासाठी मला आवडते ती युक्ती मात्र साधी आहे. शेजाऱ्याने आपल्या संदेशाच्या पाकिटावर २५५ आकडा घालायचा. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो. २५४ किंवा त्याहून कमी दिसला, की पाकीट लांबून आलंय. सरळ फेकून द्यायचं.