पान उलटून पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ज्वारीचे पान लाल पडले की आपण म्हणतो, तांबेरा आला. पुष्कळदा तो तांबेरा नसतोच. पान उलटवा. खाली बारीक जाळी आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढे लाल कोळी. कोळ्याला आठ पाय. तो कीटक नव्हे. म्हणून किडीचे पुष्कळसे विष त्याला लागत नाही, त्याला खाणारे मात्र मरतात. कपाशीवर पायरेथ्रॉइडच्या फवारण्या वाढल्या की पांढरी माशी आणि कोळी उसळतात, त्याचे एक कारण हे. नव्वदच्या दशकात तशा चिठ्ठ्या मीही लिहून दिल्या. कॉलेजात कीड मारायची कशी ते वर्षभर शिकलो. कीड कोण खाते, ते दोन तासांत उरकले होते.

आता स्पेनमधल्या अल्मेरियाचे ऐका. पाऊस आपल्यापेक्षाही कमी. प्लॅस्टिकच्या छपराखाली ढोबळी मिरची पिकते आणि युरोपभर जाते. फुलकिडे औषधाला दाद देईनात, फवारे वाढत गेले. डिसेंबर २००६ मध्ये जर्मनीत त्या मिरचीत बंदी असलेल्या विषाचा अंश सापडला. दुकानांनी माल नाकारला. मग पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथली बहुतेक ढोबळी मिरची परभक्षी कोळ्यांच्या आणि मित्रकिडींच्या हवाली झाली. आमच्यासारख्यांच्या भाषणांनी हे झाले नसते.

त्यातला मुख्य गडी स्विर्स्की नावाचा कोळी, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. कोंड्यात मिसळून झाडावर सोडतात. फुलकिड्यांची पिल्ले खातो, पांढऱ्या माशीची अंडी खातो, आणि शिकार नसली तर फुलातले पराग खाऊन तग धरतो. गोम इथे आहे. पर्सिमिलिस नावाचा दुसरा कोळी फक्त जाळीवाले कोळी खातो, दिवसाला वीसेक अंडी. ती संपली की उपाशी मरतो. पुन्हा विकत आणा.

तुम्ही ते मागवा, असे सांगायला मी आलो नाही. कोरड्या हवेत पर्सिमिलिसची अंडीच सुकतात. आपल्या उघड्या रानात पैसा मातीत जाईल. पण वांग्या-भेंडीच्या पानाखाली आपले गावठी परभक्षी कोळी आहेत, कपाशीवर ढालकिडे आणि क्रायसोपा आहेत. फुकटचे गडी. पहिल्याच फवारणीत आपण त्यांनाच मारतो. आणि माणसालाही: २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली.

टेबलावर दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवले आहे. जो एका जागी बसून रस शोषतो तो चोर, जो तुरुतुरु धावतो तो बहुधा आपला. ज्यांनी पाने आणली असतील त्यांनी जेवणाआधी पुढे या.