लोणच्याच्या डब्यांविषयी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे सारे आयुष्य प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळण्यात गेले, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण मंडळाच्या लोणच्यासाठी स्वस्त डबे घेण्यास आडकाठी केली ती मीच. तेव्हा खुलासाही मलाच केला पाहिजे.

ते डबे वापरलेले प्लॅस्टिक वितळवून पुन्हा घडवलेले होते. विक्रेत्याने चाचणीचा कागद दाखवला आणि तो खोटा नव्हता. ही चाचणी अशी असते: आंबट पदार्थाऐवजी शेकडा 3 ॲसेटिक आम्लाचे पाणी, म्हणजे पातळ व्हिनेगारच म्हणा ना, डब्यात घालून 40 अंश उष्णतेत 10 दिवस ठेवतात. तेलाऐवजी हेप्टेन नावाचा द्रव घेतात. लोणच्याला अर्थातच दोन्ही हवेत! मग तो द्रव आटवून तळाशी उरेल ते तोलतात. किलोमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत चालते.

आटवतात, हे ध्यानात ठेवा. उडून जाणारे पदार्थ वाफेबरोबर निघून जातात, तराजूला त्यांचा पत्ताही लागत नाही. आणि वापरलेल्या प्लॅस्टिकमध्ये धास्ती त्यांचीच. रिकाम्या बाटलीत आपणच नाही का रॉकेल, फिनेल भरून ठेवत? प्लॅस्टिक ते अंगात मुरवून घेते. धुतल्याने वरचा मळ जातो, मुरलेले जात नाही.

म्हणून पुनर्वापराच्या कारखान्याची परीक्षा निराळी असते. प्लॅस्टिकचा स्वच्छ चुरा मुद्दाम बाटवतात! टोल्युइन, क्लोरोफॉर्म, बेन्झोफिनोन अशा पदार्थांत तो दोन आठवडे मुरवायचा, मग कारखान्याच्या साऱ्या धुण्यातापवण्यातून काढायचा आणि अंगात काय उरले ते यंत्रावर मोजायचे. उडणारे पदार्थही त्या यंत्राच्या हाती लागतात. आपल्याकडे 2018 च्या नियमांत खाद्यपदार्थांसाठी असे प्लॅस्टिक वर्ज्यच होते. 2022 मध्ये अटी घालून मोकळीक मिळाली.

मी विक्रेत्याला विचारले, "भाऊ, चुरा कुठला? कारखान्याची परीक्षा झाली आहे का?"

"बाई, चुरा बाजारातला. जसा मिळेल तसा."

मी कागद परत केला. लोणचे यंदाही चिनी मातीच्या बरण्यांतच आहे. त्यापायी खर्च वाढला, हे खरे; खजिनदारबाई अजून माझ्याशी कामापुरतेच बोलतात.