निवृत्तीनंतर कोकणातील घरी परतताना

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या कोकणी माणसाला आपण निवृत्तीनंतर कोठे राहणार, असे विचारले, तर त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. गावी घर आहे, अंगणात माड आहेत, परसात विहीर आहे. खर्च तो काय लागणार? या उत्तरात खोटे काहीच नाही. मात्र ते अपुरे आहे, आणि त्याचा उरलेला भाग आज आपणांपुढे मांडावा, असा माझा विचार आहे.

या जाण्यायेण्याला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण तिकडे लोटला. त्याच्या मनीऑर्डरीवर गावची चूल पेटत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांचे गिरणीशी असलेले नाते कायमचे तुटले आणि त्यांतील अनेकांनी गावाची वाट धरली. दरम्यान १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. तरीही गावे भरली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या जनगणनेत १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. त्या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांत ती घटली. म्हणूनच निवृत्त होऊन परतणारा प्रत्येक माणूस गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रश्न इतकाच, की तो गावकरी म्हणून परततो, की पाहुणा म्हणून?

घर कोणाचे?

परतणाऱ्याने सामान बांधण्यापूर्वी कागद पाहावेत. कोकणात एका सात-बाराच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे ही नवलाची गोष्ट नाही. आजोबांच्या पश्चात वाटणी झालेली नसते. वारसांची नोंद झाली असली तरी हिस्से वेगळे झालेले नसतात. जो गावात राहिला त्याने घर शाकारले, देवाला दिवा लावला, बांध राखला. जो मुंबईला गेला त्याने पैसे पाठविले. दोघांनाही घर आपले वाटते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. तंटा उभा राहतो तो येथेच.

घरपट्टीची पावती अथवा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे; तो कर आकारणीपुरता असतो. ‘भावाने तोंडी हक्क सोडला आहे’ या म्हणण्यालाही कायद्यात वजन नाही. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. शेतजमिनीच्या सहधारकांत एकमत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपासाठी अर्ज करता येतो. बहिणींचाही विचार आरंभीच व्हावा. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो अधिक स्पष्ट केला आहे. बहिणीला वगळून केलेली वाटणी पुढच्या पिढीच्या दारात कज्जा आणून ठेवते.

ज्यांचे गावी काहीच नाही आणि केवळ निसर्गसौंदर्य पाहून जे जमीन घेऊ इच्छितात, त्यांनी अधिक सावध असावे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन विकत घेण्यावर कूळकायद्याचे निर्बंध आहेत. दलालाच्या शब्दावर विसंबून इसारा देण्याऐवजी तलाठी व तहसील कार्यालयात जुने फेरफार, इतर हक्कांतील नोंदी आणि रस्त्याचा हक्क तपासून घ्यावा.

स्वस्ताईचा हिशेब

गावी घरभाडे नाही, लोकलचा पास नाही, भाजी परसात होते. ही बचत खरी आहे. तथापि काही खर्च नव्याने सुरू होतात. कौलारू घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. वाळवी लागलेला वासा बदलावा लागतो. माडावर चढणारा माणूस वेळेवर मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी द्यावी लागते. आगोटीला धान्य, लाकूडफाटा व औषधे भरून ठेवावी लागतात. रात्री दुखणे उद्भवले तर तालुक्याला जाण्यासाठी भाड्याचे वाहन लागते.

बागेच्या उत्पन्नावर तर आरंभीची वर्षे विसंबू नये. काजूचे कलम तीन-चार वर्षांनी फळ धरते; हापूस त्याहून अधिक काळ घेतो. मोहोर आला तरी अवकाळी पाऊस, तुडतुडे आणि वानर यांच्या तावडीतून जे उरेल ते आपले. साठाव्या वर्षी बाग लावू नये, असे मी म्हणत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन ती अवश्य लावावी. मात्र आपला चरितार्थ निवृत्तिवेतनावर आणि बाग पुढच्या पिढीसाठी, असा हिशेब मनाशी ठेवावा. निवृत्तीची सर्व रक्कम घराच्या स्लॅबमध्ये घालून हात रिकामे करून घेणे शहाणपणाचे नाही.

पाणी आणि प्रकृती

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांत पाण्यासाठी पायपीट होते. याचे कारण भूमीच्या ठेवणीत आहे. जांभा दगड सच्छिद्र. त्यात मुरलेले पाणी फार काळ टिकत नाही. उतार तीव्र असल्याने नद्या पाणी थेट समुद्राला नेऊन देतात. म्हणून विहीर गणपतीत पाहून समाधान मानू नये. ती मे महिन्याच्या अखेरीस पाहावी. पाऊस ओसरल्यावर वहाळात रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा विहिरींची पातळी काही आठवडे तरी टिकवून धरतो. त्याला खर्च थोडा आणि हात अनेक लागतात. परत आलेल्या माणसाने गावाशी नाते जोडायचे असेल, तर याहून चांगला मुहूर्त नाही.

प्रकृतीची बाब अधिक नाजूक आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. फुरसे आणि विंचू येथे नित्याचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य प्राण वाचले. परंतु औषध उपलब्ध असणे आणि रुग्ण वेळेवर पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाने घर कोठे बांधावे, हे डोंगरावरून दिसणाऱ्या समुद्रावरून ठरवू नये. रुग्णवाहिका दारापर्यंत येते की नाही, यावरून ठरवावे.

घरच्या माणसाचे मत

या सर्व बेतात एका व्यक्तीला विचारणे बहुधा राहून जाते. ती म्हणजे पत्नी. पतीच्या दृष्टीने ते बालपणीचे गाव असते. तिच्या दृष्टीने ते सासर असते. तीस वर्षे चाळीत शेजार, नळ आणि स्वतःची कमाई यांची सवय झालेल्या स्त्रीला एकाकी वाडीतील मोठे घर सुखाचे वाटेलच असे नाही. पतीच्या पश्चात त्या घरात तिचे स्थान काय राहील, हाही प्रश्न आहे. घराच्या नोंदीत तिचे नाव लावून घेणे आणि मृत्युपत्र करून ठेवणे, ही दोन कामे पतीने स्वतः, हातीपायी धड असताना करावीत. मुलांच्या नावे घर करून देण्याची घाई करू नये. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत घेऊन सांभाळ न करणाऱ्याच्या नावचे हस्तांतरण रद्द करण्याची तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. पण न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची वेळ न येणे हेच उत्तम.

ग्रामपंचायतीचे काम

आता पंचायतीच्या सदस्यांशी दोन शब्द. ‘चाकरमानी’ हा शब्द आपण कौतुकाने उच्चारतो आणि कधी कुत्सितपणेही. परतलेल्या माणसाने येताच सर्वांना शहाणपण शिकवू लागावे, आणि गावाने त्याच्याकडे केवळ वर्गणीदार म्हणून पाहावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. पंचायतीने काही साध्या गोष्टी कराव्यात. वाडीवार एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि ती आशा सेविकेजवळ व उपकेंद्रात ठेवावी. मुसळधार पावसात कोणी कोणाच्या घरी डोकवायचे, हे आगोटीपूर्वीच ठरवावे. परतलेल्यांत कोणी लेखनिक असतो, कोणी परिचारिका, कोणी जोडारी, कोणी शिक्षक. अर्ज लिहून देणे, रक्तदाब मोजणे, पंप दुरुस्त करणे, मुलांना गणित शिकविणे, ही कामे त्यांच्याकडून मागून घ्यावीत. मागितल्याशिवाय ती मिळत नाहीत.

परतणाऱ्यानेही आपले नाव मुंबईच्या मतदारयादीतून गावच्या यादीत आणावे. एका माणसाला दोन ठिकाणी मतदार राहता येत नाही, आणि मत मुंबईत ठेवून ग्रामसभेत तावातावाने बोलणाऱ्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. शिधापत्रिका, बँकेचे खाते आणि हयातीचा दाखला यांचीही व्यवस्था जवळच्या गावी करून घ्यावी. राज्य परिवहनाच्या गाडीत ६५ वर्षांवरील नागरिकांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना विनामूल्य प्रवास आहे. त्याचा लाभ घेण्यास संकोच नसावा.

माझी एक सूचना आहे. नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली असताना रजा घेऊन गावी राहून पाहावे, आणि ती रजा गणपतीची किंवा मे महिन्याची नसावी. जुलैत पंधरा दिवस राहावे, वीज गेलेल्या रात्री काढाव्यात; फेब्रुवारीत पुन्हा यावे, जेव्हा गावात ना उत्सव असतो ना पाहुणे. त्या दिवसांत ज्यांच्याशी बोलणे होते तेच पुढील आयुष्याचे सोबती असतात. ते दिवस गोड वाटले, तर निःशंक मनाने परतावे. कोकणची भूमी आपल्या माणसाला उपाशी ठेवत नाही. परंतु तिला वर्षातून दोनदा येणारा मालक नको आहे, बारा महिने राबणारा आणि शेजारधर्म जाणणारा रहिवासी हवा आहे. आपणांपैकी अनेकजण तसे रहिवासी होतील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.