जमीन आपली, ठराव कोणाचा?

(नारपोली, भिवंडी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज आम्ही कोणाची निवडणूक लढवावयास किंवा कोणाच्या पोथीचें खंडन करावयास उभे राहिलों नाहीं. गटार कोणाच्या दारावरून जातें, रस्ता कोणाच्या ओट्यावरून रुंद होतो, आरक्षणाचा शिक्का कोणाच्या शेतावर पडतो आणि कोणाच्या गोदामाला चुकवून पुढें जातो, एवढेंच बोलावयाचें आहे. विषय रुक्ष आहे हें आम्ही जाणतों. पण तो रुक्ष आहे म्हणूनच आजवर चार शहाण्यांच्या हातांत सुखानें राहिला.

प्रथम आपले धनी किती ते पाहा. नारपोली भिवंडी-निजामपूर महापालिकेंत आहे. ही महापालिका २००१ सालीं स्थापन झाली. शीव ओलांडून राहनाळ, पूर्णें, काल्हेर, दापोडें या बाजूस गेलें कीं ग्रामपंचायत लागते. तेथें घरपट्टी पंचायत घेते, पण नकाशा मंजूर करण्याचा अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. पाणी स्टेमचें, वीज २००७ पासून टोरंट कंपनीची, महसूल तहसीलदाराचा. नळ कोरडा पडला तर कोणाच्या दारीं जावें हें शोधतांना गरिबाचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि ज्याच्या दारीं जावें तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

या बोट दाखविण्याची किंमत आपण मोजली आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहांटे पटेल कंपाउंडांतली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या सुमारास जीव गेले. त्यांत मागावर पोट भरणारीं पुष्कळ कुटुंबें होतीं. दोन अधिकारी निलंबित झाले. पुढें २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाड्याला गोदामाची इमारत पडली आणि आठ माणसें गेलीं. इमारत एका रात्रींत पडते, पण तिचा वरचा मजला चढतांना, खालीं यंत्रें बसतांना, करपट्टी आकारतांना कोणाच्या तरी टेबलावरून कागद गेलेलाच असतो. तो कागद कोणत्या दिवशीं, कोणत्या सभेंत, कोणाच्या सहीनें गेला हें आपण त्या वेळीं विचारीत नाहीं. आपण मातीचा ढीग उपसला जात असतांना विचारतों.

ठराव म्हणजे काय वस्तु आहे, हें महाडच्या चवदार तळ्यावरून समजून घ्या. १९२३ सालीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. आतां पाणी मिळालें असें कोणासही वाटेल. पण तीन वर्षें तो ठराव दप्तरांत पडून राहिला आणि तळ्याला कोणा अस्पृश्याचा हात लागला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारो माणसें घेऊन तळ्यावर गेले, तेव्हां त्या कागदाला प्राण आला. आणि प्राण आला म्हणतांच त्याच म्युनिसिपालिटीनें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं आपला ठराव मागें घेतला! पुढें कोर्टकचेरी होऊन हायकोर्टाचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. एका बैठकींत जें मोडलें तें सरळ करावयास दहा वर्षें लागलीं. म्हणून आम्ही म्हणतों, बैठकीच्या दिवशीं हजर राहा.

आणि बैठकींत एकटें पडलें तरी भिऊं नका. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पर्यंत पुण्याच्या म्युनिसिपालिटींत सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लिटनसाहेबांच्या स्वागताला हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस नेमलेल्या सभासदांत जोतीराव एकटे विरुद्ध उभे राहिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. प्रस्ताव पडला नाहीं, पण विरोध नोंदला गेला, आणि म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे.

आतां आपल्या सभांची तऱ्हा. विषयपत्रिकेवर पहिले दहा विषय निरुपद्रवी असतात. खरा माल शेवटीं येतो, 'आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीनें' या गोंडस नांवाखालीं. अमुक जागा भाड्यानें देणें, अमुक रस्त्याची रेषा हलविणें. तोंवर निम्मे सभासद चहाला गेलेले असतात. आणि सभासदच नसले तर? २०२२ सालीं आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि पुढें कित्येक वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. मुंबई, पुणें, ठाणें येथेंही तीच गत होती. प्रस्ताव मांडणारा तोच, त्याला मंजुरी देणाराही तोच. मग विरोध नोंदवावयाचा कोणी आणि कोठें? अधिकारी प्रामाणिक असेल, नसेलही. आमचें भांडण माणसाशीं नाहीं. तराजूचीं दोन्ही पारडीं एकाच हातांत असूं नयेत, हें वाण्याकडून माल घेणाऱ्या प्रत्येक बाईला कळतें.

ग्रामपंचायतींतल्या बंधूंसाठीं एक वेगळी गोष्ट. ग्रामसभेला शेंकडा पंधरा किंवा शंभर मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तितके न जमले तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाहीं. यांतली मेख ध्यानांत आली काय? तुम्ही गेलां नाहीं म्हणजे सभा होत नाहीं असें नव्हे. तुम्ही गेलां नाहीं म्हणजे सभा सोपी होते. गुरचरणाच्या जमिनी किती ठिकाणीं अशाच सोप्या झाल्या! सुप्रीम कोर्टानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपालसिंग खटल्यांत गांवच्या सामाईक जमिनी बळकावणें कायदेशीर करूं नका असें बजावलें. तो निकाल हातांत धरून उभें राहणारा गांवकरी पाहिजे.

विकास आराखड्याचा कायदा १९६६ चा आहे. आराखड्याचा मसुदा झाला कीं राजपत्रांत आणि वर्तमानपत्रांत सूचना येते आणि हरकतीस तीस दिवस मिळतात. बारा-बारा तास मागापुढें उभा राहणारा माणूस राजपत्र वाचतो काय? खाचरांत चिखल तुडविणारा वाचतो काय? वाचतो तो दलाल. एकतिसाव्या दिवशीं तुमचें म्हणणें कितीही खरें असलें तरी तें उशिरा आलेलें म्हणणें होतें. म्हणून दर आळींतल्या एका शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे हें काम सोंपवा: दर आठवड्यास पालिकेचा सूचनाफलक व जाहिराती पाहणें. हरकत लेखी द्या, सुनावणी मागा, आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. 'आमच्यावर अन्याय होत आहे' एवढेंच लिहूं नका. त्या अर्जाला उत्तर देणें फार सोपें असतें. सर्व्हे नंबर लिहा, क्षेत्र लिहा, त्यावर किती माणसें जगतात तें लिहा, आणि जवळ सरकारी जागा रिकामी असेल तर तिचा नंबर लिहा.

येथें एक अवघड गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. आरक्षण उठावें असें आगरी-कुणबी मालकाला वाटतें, आणि त्याच जागेवर मैदान, शाळा, दवाखाना व्हावा असें चाळींतल्या मोमीन आणि पद्मशाली विणकराला वाटतें. दोघेही आपलेच, आणि दोघांचेंही खरें. शत्रु आहे तो मधला काळ. जमीन ना घेतली जाते ना सुटते. मालकाला घर बांधतां येत नाहीं, मुलांना मैदान मिळत नाहीं. कायद्यांत १२७ कलम आहे. आराखडा अंमलांत येऊन दहा वर्षें झालीं तरी जमीन घेतली नाहीं, तर मालकानें नोटीस द्यावी. चोवीस महिन्यांत संपादनाचीं पावलें पडलीं नाहींत तर आरक्षण जातें. हें ज्याला ठाऊक नाहीं तो शेतकरी कंटाळून कवडीमोलानें जमीन विकतो. ज्याला ठाऊक आहे तो ती घेतो, नोटीस देतो आणि मोकळी करून इमले चढवितो. मग मालकही बुडाला आणि मैदानही बुडालें. आमचें मत असें कीं दोन्ही घरांनीं एकच मागणी करावी: घ्यावयाची तर रास्त मोबदला देऊन लवकर घ्या. वेगवेगळे अर्ज गेले तर एकाच्या अर्जानें दुसऱ्याचा अर्ज मारला जातो.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हेंही जातां जातां सांगतों. अनेकांनीं ती देव्हाऱ्यांत ठेवली आहे. ती ठेवाच, पण सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नांव कोणाचें आहे तें या महिन्यांत पाहून घ्या. आजोबाचें नांव असेल तर वारसाची नोंद आधीं करा.

ज्यांना अर्ज लिहितां येत नाहीं त्यांनीं सभा संपल्यावर येथेंच थांबावें. आम्ही लिहून देऊं, पैसा घेणार नाहीं. उतारा आणि पावती बरोबर असूं द्या. घर बायकोच्या नांवावर असेल तर तिलाही बोलावून आणा. अंगठा तिचा लागेल, तुमचा चालणार नाहीं.