सुभेदार रामजींचा वारसा



मी धंद्याने वकील आहे. आमच्या धंद्यात कोणी हक्क सांगू लागला की त्यास पहिला प्रश्न असा विचारतात, की हे तुमच्याकडे कोणाकडून आले? हाच प्रश्न आज आपण आपणांस विचारू या. आपल्या प्रत्येकाच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे. परंतु बाबासाहेबांकडे जे आले ते कोणाकडून आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून आज मी त्यांच्या वडिलांविषयी, सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी, चार शब्द बोलणार आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील मालोजी हे पलटणीत शिपाई होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या घराण्यातील, तेही घराणे लष्करी पेशाचेच. ज्या काळी गावच्या शाळेची पायरी आपल्या मुलास बंद होती, त्या काळी लष्करातील शिपायांच्या मुलांना शिकावे लागत असे. रामजी तेथेच शिकले, पुण्यास शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बंदूक धरणाऱ्या हाताने त्यांनी खडू धरला. त्यांच्या शिपाईगिरीचे मोठेपण मला या खडूत दिसते. महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले, तेच आपले भीमराव.

आता या नोकरीची दुसरी बाजू ऐका. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान् पिढ्या रक्त सांडलेल्या लोकांस एका हुकुमाने दार बंद झाले. त्या हुकुमाविरुद्ध न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने अर्ज करण्यासाठी रामजींनी खटपट केली, असे चरित्रकार सांगतात. अर्जाचा उपयोग झाला नाही. १९१७ साली महायुद्धाची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. यातून कायद्याचा एक धडा घ्यावा. जे मेहेरबानीने मिळते ते मर्जी फिरताच जाते. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने सरकारी नोकरीत समान संधी हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरविला. रामजींना अर्ज करावा लागला, आपणांस दाद मागता येते. हे अंतर लहान समजू नका.

आणि हुद्द्याने तरी काय मिळाले? निवृत्तीनंतर रामजींनी सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे, दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईवर, खजिनदाराची नोकरी धरली. १९०१ साली मुले साताऱ्याहून त्यांस भेटण्यास निघाली. अंगात नवे सदरे, डोक्यास जरीच्या टोप्या, पायांत नवे जोडे. मुलांनी पाठविलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, म्हणून मसूर स्टेशनवर घ्यावयास कोणी आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यासही राजी होईनात. अखेर एक तयार झाला तो या अटीवर की, गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालावे. डब्यात अन्न भरपूर होते, पण प्यावयास पाणी कोणी देईना, म्हणून ती लेकरे रात्री उपाशी निजली. सुभेदार-मेजराच्या मुलांना त्या रात्री तांब्याभर पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

अशा माणसाने मन कशावर स्थिर ठेवले? रामजी कबीरपंथी होते. जात न मानणाऱ्या संताचा पंथ त्यांनी धरला, मद्यास ते शिवत नसत आणि घरात पाठ, भजन व शिस्त यांत खंड पडू देत नसत. मुलांकडून ते रामायण-महाभारतही वाचून घेत. हे कशासाठी, असे भीमरावांनी विचारले तेव्हा वडील द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी यांची उदाहरणे देत. हीन मानलेल्या कुळातील माणसेही मोठी होतात, एवढे मुलांच्या मनावर ठसावे हा त्यांचा हेतू होता. मुलाचे समाधान झाले नाही. त्या ग्रंथांतील थोर पुरुष आपणांस पटत नाहीत, असे त्याने तोंडावर सांगितले. लष्करी शिस्तीचा तो बाप त्यावर गप्प राहिला. बंधूंनो, त्या गप्प राहण्यास मी फार मोल देतो. त्याच घरात पुढे केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र वाचले गेले. मुलाच्या प्रश्नास तेथे काठी बसली असती, तर १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी आपण पाहिली असती काय?

संसार मात्र कष्टाचा होता. १८९६ साली भीमाबाई साताऱ्यास वारल्या. चौदा अपत्यांपैकी मागे राहिली ती तीन मुलगे आणि दोन मुली. मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत सारे बिऱ्हाड. रात्री दोन वाजेपर्यंत म्हातारा जागा राही, मग मुलास अभ्यासास उठवी आणि स्वतः आडवा होई. पुस्तकास पैसे नसले की लेकींकडे जाई, त्यांचा दागिना मागून गहाण टाकी आणि पेन्शन येताच सोडवून परत करी. येथे त्या दोन बहिणींचेही स्मरण करा. त्यांच्या अंगावरील दागिन्यावर भावाचे ग्रंथ आले.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यास नोकरीस गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यावयास ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे लेकास शोधत होते. त्याच्या पाठीवरून हात फिरवून २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी प्राण सोडला. दहा वर्षांनी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

सुभेदारांच्या मागे ना जमीन, ना वाडा. अक्षर, शिस्त, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलास दिलेली मुभा, एवढाच त्यांचा वारसा. तो आपल्या नावावर चढला आहे. आज आपल्या घरी कोणी वृद्ध पेन्शनर असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या पलटणीची, शाळेची, सोसलेल्याची हकीकत लिहून घ्या, त्यांचे कागद जपून ठेवा. आणि संध्याकाळी वंदनेनंतर आपला मुलगा किंवा मुलगी "हे असे का?" म्हणून विचारील, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर सुभेदारांसारखे गप्प राहा आणि तिच्या हाती पुस्तक द्या.

जय भीम.