पाटी कुणाची, चव कुणाची?

कुणी कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल. आज आपण तळलेल्या कोंबडीबद्दल बोलणार आहोत. पण आज पाककृती नाही. आज एका धंद्याची गोष्ट आहे.

आमचा गट आठवडी बाजारात आणि यात्रेत चिकन-भाकरीचा स्टॉल लावतो. मसाला आमचा, डंकावर कुटून आणलेला. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ मोटारीतून आमच्या बैठकीला आले. म्हणाले, "ताई, तालुक्याला स्टँडसमोर आमच्या कंपनीचं क्रिस्पी चिकनचं दुकान टाका. पाटी आमची, मशिन आमचं, मसाला लावलेलं चिकनही आमचं. तुम्ही फक्त तळायचं आणि विकायचं." याला फ्रँचायझी म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं धंदा करायचा परवाना. त्यासाठी आधी भरायची रक्कम होती आमच्या गटाच्या तीन वर्षांच्या बचतीएवढी.

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, किती दिवस चुलीच्या धुरात बाजार करायचा, एकदा पक्कं दुकान होऊ दे. काही जणी म्हणाल्या, पैसा बुडाला तर कर्ज मागणाऱ्या बाईला काय तोंड दाखवायचं? दोन्ही म्हणणी खरीच होती. मग ठरलं, की हा धंदा जिथे वाढला त्या अमेरिकेत त्याचं काय झालं ते आधी बघू. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलींनी माहिती काढून दिली. तीच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात बायकांपासूनच होते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गॉर्डन्सव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे दोन रेल्वेमार्ग मिळत. 1865 साली गुलामगिरी संपली. त्यानंतर तिथल्या काळ्या समाजातल्या बायका तळलेली कोंबडी मोठ्या ताटांत घेऊन, ताट डोक्यावर तोलत फलाटावर यायच्या आणि खिडकीतून प्रवाशांना विकायच्या. तेव्हा गाडीत जेवणाची सोय नसे. या बायकांनी त्या कमाईवर घरं उभी केली. सायकी विल्यम्स-फोर्सन या अभ्यासक बाईंनी 2006 साली अशा बायकांवर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'कोंबडीच्या तंगड्यांतून घरं बांधताना' अशा अर्थाचं आहे. पुढे गाड्यांना जेवणाचे डबे जोडले गेले, विक्रीवर नियम आणि कर आले, आणि फलाटावरचा हा धंदा हळूहळू संपला. बायकांची चव काही बिघडली नव्हती. गिऱ्हाईक खिडकीत येईनासं झालं होतं.

असंच पुढे एका पुरुषाच्या बाबतीत झालं. केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात हारलँड सँडर्स हमरस्त्यावर पेट्रोल पंप आणि खाणावळ चालवत. पांढऱ्या दाढीचे जे आजोबा केएफसीच्या पाटीवर दिसतात, ते हेच. कोंबडी लवकर शिजावी म्हणून त्यांनी प्रेशर कुकर वापरायला सुरुवात केली. नंतर नव्या महामार्गानं गावाला वळसा घातला, गिऱ्हाईक तुटलं आणि 1956 साली त्यांना खाणावळ विकावी लागली. तेव्हा त्यांचं वय होतं पासष्टीचं. मग ते कुकर आणि मसाला गाडीत घालून हॉटेलं फिरू लागले. माझ्या पद्धतीनं कोंबडी करा, आणि विकलेल्या दर कोंबडीमागे मला चार-पाच सेंट द्या, एवढाच त्यांचा करार. म्हणजे हॉटेलवाल्याची कोंबडी खपली, तरच सँडर्स यांना पैसा. 1964 साली त्यांनी ही कंपनी 20 लाख डॉलरला विकली.

घेणाऱ्यांपैकी जॅक मॅसी हे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराचे. त्यांची भरभराट पाहून त्याच शहरातल्या हुकर बंधूंना वाटलं, आपणही असंच करू. 1967 साली त्यांनी 'मिनी पर्ल्स चिकन' सुरू केलं. मिनी पर्ल म्हणजे रेडिओवर आणि रंगमंचावर खेडवळ बाईची भूमिका करणारी लाडकी विनोदी कलाकार. तिच्या टोपीला दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत असायची. नाव घरोघरी माहीत असल्यामुळे परवाने धडाधड विकले गेले. 1968 साली कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांचा भाव दुप्पट झाला.

पण आतमध्ये काय होतं? विकलेल्या परवान्यांपैकी बरीचशी दुकानं कधी उघडलीच नाहीत. चव ठरलेली नव्हती, एका दुकानात एक तर दुसऱ्यात दुसरी. आणि हिशेब कसा मांडलेला? परवाना घेणारा थोडे पैसे रोख द्यायचा आणि बाकीचे पुढे देईन म्हणून लिहून द्यायचा. कंपनी मात्र सगळी रक्कम आजच मिळाली असं धरून नफा दाखवायची. आपल्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या सदस्यानं पुढच्या वर्षी भरीन म्हटलेला हप्ता आपण आजच जमेच्या रकान्यात लिहून टाकला, आणि त्यावर कर्ज वाटायला घेतलं. गटाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला यातला घोटाळा कळेल. सरकारी यंत्रणेनं हिशेब तपासायला घेतले, शेअर कोसळले, आणि काही वर्षांत साखळी नाहीशी झाली. महालिया जॅक्सन या थोर गायिकेच्या नावानंही त्याच लोकांच्या मदतीनं अशी साखळी निघाली होती. काळ्या समाजातल्या लोकांना मालक होता यावं हा तिचा हेतू होता. तीही टिकली नाही.

इथे आमच्या बैठकीत एक आजी बोलल्या, "म्हंजी त्यांनी कोंबडी इकलीच न्हाई, पाट्या इकल्या." सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आली.

आता दुसरी गोष्ट, लुइझियाना राज्यातली. अल कोपलँड यांनी 1972 साली न्यू ऑर्लिन्सजवळ दुकान काढलं. आधी मिळमिळीत कोंबडी ठेवली, ती खपेना. मग तिथल्या लोकांना आवडते तशी तिखट केली, नाव 'पोपाइज' ठेवलं आणि धंदा चालला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात 1952 पासून 'चर्चेस' नावाची दुसरी एक साखळी होती. आकारानं ती पोपाइजपेक्षा मोठी. 1989 साली कोपलँड यांनी कर्ज काढून ती विकत घेतली. किंमत जवळजवळ 40 कोटी डॉलर. ते कर्ज फेडता आलं नाही. 1991 साली दिवाळं निघालं आणि दोन्ही साखळ्या सावकारांच्या हाती गेल्या.

पण एक गोष्ट गेली नाही, ती म्हणजे मसाला. पाककृतीचे हक्क आणि मसाला पुरवणारी कंपनी कोपलँड यांच्याकडेच राहिली. दुकानं परक्याची झाली तरी मसाल्याचे पैसे त्यांना मिळत राहिले. ते 2008 साली वारले. शेवटी 2014 साली पोपाइज कंपनीनं त्या पाककृती 4.3 कोटी डॉलर देऊन विकत घेतल्या. स्वतःच्याच पाटीखालची चव विकत घ्यावी लागली त्यांना!

आता परत नॅशव्हिलला येऊ, जिथे मिनी पर्लची साखळी बुडाली. त्याच शहरात 'प्रिन्सेस' नावाचं झणझणीत कोंबडीचं साधं दुकान आहे. घरचेच लोक ते 1930 च्या दशकापासून चालवत आले. त्याची कथा अशी सांगतात, की थॉर्नटन प्रिन्स हा माणूस रात्री बाहेर भटकून यायचा. त्याच्याबरोबर राहणारी बाई चिडली आणि अद्दल घडवायला तिनं सकाळच्या कोंबडीत भरमसाट तिखट घातलं. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं त्याचंच दुकान काढलं! 1980 पासून ते आंद्रे प्रिन्स जेफ्रीज या त्याच घराण्यातल्या बाईंनी सांभाळलं. 2013 साली त्याला अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. मात्र जिच्या हातानं ते तिखट पडलं, तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पुरुषाचं नाव पाटीवर आहे. हे वाचल्यावर आमच्यातल्या दोघी-तिघी बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, फ्रँचायझी म्हणजे फसवणूकच, असं आमचं म्हणणं नाही. सँडर्स यांचा करार साधा होता, त्यावर कितीतरी हॉटेलवाल्यांचं भलं झालं. पण पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलेत. तुम्हीही लिहून घ्या.

एक. ही कंपनी कशावर जगते? आमची विक्री झाली की तिला मिळतं, की आम्ही पैसे भरले की तिचं काम झालं? दोन. माल कुणाकडून घ्यायचा, आणि त्याचा भाव कोण ठरवणार? तीन. आधी सुरू झालेली किती दुकानं आज चालू आहेत, आणि त्यातल्या दोघा मालकांशी आम्हाला बोलता येईल का? चार. दुकान बंद करावं लागलं तर अनामत परत मिळणार का, आणि ते कागदावर लिहिलंय का? पाच. पक्क्या गिऱ्हाइकासाठी आमचा स्वतःचा मसाला आम्हाला विकता येईल का?

आम्ही हे प्रश्न त्या गृहस्थांना विचारले. त्यांनी दोन दुकानांचे पत्ते दिले. आमच्यातल्या तिघी एसटीनं जाऊन आल्या. एक दुकान बंद होतं, शटरवर धूळ. दुसरं चालू होतं. मालकीणबाई मोकळेपणानं बोलल्या. गिऱ्हाईक असतं, पण कंपनीकडूनच घ्यायच्या चिकनचा भाव वर्षात दोनदा वाढला आणि विक्रीचा दर मात्र कंपनी वाढवू देत नाही. अनामतीचं कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही नाही म्हणालो. सगळ्यांच्या मनासारखं झालं असं नाही. पक्क्या दुकानाचं स्वप्न पाहणाऱ्या एकीनं दोन बैठका बोलणं सोडलं होतं. तिचंही खरंच होतं, म्हणून आता स्टँडसमोर छोटा गाळा भाड्यानं मिळतो का ते बघायचं काम तिच्याकडेच दिलंय. पाटी आमच्या गटाची असेल. आणि मसाल्याचं प्रमाण ज्या आजींचं, त्यांचं नाव त्या पाटीवर घालायचं ठरलंय. आजी नको नको म्हणतायत, पण ठराव झालाय.

तुमच्या गावात असा कुणी आला असेल, तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला जरूर कळवा. येतो मैत्रिणींनो. नमस्कार.