घरच्या बिअरचा पहिला घाणा

इंग्लंडांतील एखाद्या मध्यमवर्गीय घरीं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत, जुन्या घोंगडीनें वेढलेलें एक झांकणाचें पिंप दिसलें आणि त्याच्या माथ्यावरच्या नळींतून दर कांहीं क्षणांनीं बुडबुडा फुटल्याचा आवाज आला, तर पाहुण्यानें दचकून जाण्याचें कारण नाहीं. तेथें घरच्या बिअरचा घाणा लागलेला आहे. दुकानांतून एक किट आणावयाचें, त्यांतील डबा उघडावयाचा, काकवी, साखर, पाणी आणि किण्व एकत्र करावयाचें आणि महिनाभर वाट पहावयाची, असा हा उद्योग तिकडे पुष्कळ लोक छंद म्हणून करतात. यांत शास्त्र किती, कसब किती आणि धोका किती, हें पाहणें मनोरंजक आहे.

उद्योग नवा नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडांत बिअर करणें हें बव्हंशीं बायकांचेंच काम होतें. पुढें मोठे कारखाने निघाले, करांचा बोजा वाढला आणि घरचें पिंप मागें पडलें. १८२२ च्या सुमारास विल्यम कॉबेट या तापट लेखकाचें ‘कॉटेज इकॉनमी’ हें पुस्तक निघालें. त्याचा आरंभच बिअर करण्याच्या कृतीनें होतो. मजुराच्या घरांतून बिअर हद्दपार होऊन तेथें चहा शिरला, याचा कॉबेटला विलक्षण संताप होता. चहानें माणूस दुबळा आणि आळशी होतो, असें तो मोठ्या हिरीरीनें सांगतो. सकाळच्या चहावांचून ज्यांचें पान हलत नाहीं, अशा श्रोत्यांनीं हें प्रकरण एकदां मुद्दाम चाळावें.

१८८० सालीं ग्लॅडस्टन यांनीं माल्टवरील कर काढून तो तयार बिअरवर बसविला व घरीं बिअर करणाऱ्यालाहि परवान्याच्या जाळ्यांत ओढलें. ही परवान्याची अट १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनीं आपल्या अंदाजपत्रकांत काढून टाकली. विकावयाची नाहीं, एवढ्या बोलीवर घरच्या बिअरला मोकळीक मिळाली आणि औषधांच्या दुकानांतूनहि तिचीं किटें दिसूं लागलीं. अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळांत माल्टच्या काकवीचे डबे राजरोस विकले जात, आणि त्यांचा उपयोग पाव भाजण्याकडेच होतो असें सर्वांनीं समजून चालावयाचें असे! तेथें मध्यवर्ती कायद्याची मान्यता १९७८ सालीं मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनीं तर ती २०१३ सालीं दिली.

गृहस्थाच्या पिंपावर राजाची नजर असणें ही केवळ विलायती गोष्ट मात्र नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत कुटुंबवाल्यांना कार्यप्रसंगीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट करण्याची मुभा दिलेली आहे. सांप्रत महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्यावांचून मद्य तयार करणें हा अपराध आहे. तेव्हां पुढील कृति ही इंग्लंडांतल्या घराची आहे, असेंच समजून ती ऐकावी.

किटांतला डबा म्हणजे काय? सातूला मोड आणावयाचे, ते फार वाढण्यापूर्वींच दाणे भट्टींत वाळवावयाचे आणि भरडून तासभर गरम पाण्यांत ठेवावयाचे. मोड येतांना दाण्यांत जीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात, तीं दाण्यांतील पिठाची साखर करतात. नाचणीला मोड आणून तान्ह्या मुलासाठीं सत्त्व करणाऱ्या घरांत ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. हें गोड पाणी गाळून घ्यावयाचें, हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा त्यांत उतरवावयाचा आणि तें आटवून काकवीसारखें दाट करावयाचें. हीच डब्यांतली वस्तु. सर्वांत कष्टाचें काम कारखान्यानें आधींच उरकलेलें असतें, म्हणून जुने जाणते लोक किटच्या बिअरकडे पाहून नाक मुरडतात. नवशिक्यानें तिकडे लक्ष देऊं नये. पहिल्या वेळीं शिकावयाचें असतें तें आंबविण्याचें काम, आणि तें डब्यावरहि पुरेपूर शिकतां येतें.

डब्यांत साधारणतः दीड ते पावणेदोन किलो काकवी असते आणि तिची २३ लिटर, म्हणजे इंग्रजी मापानें सुमारें ४० पाइंट बिअर होते. आरंभ होतो तो धुण्यापुसण्यापासून. पिंप, झांकण, नळी, पळी, जें जें म्हणून रसाला लागावयाचें तें आधीं स्वच्छ घासून मग जंतुनाशक पाण्यांतून काढावें लागतें. नवशिक्याला हा सोवळ्याचा अतिरेक वाटतो, पण येथें सोवळें मोडल्याची शिक्षा हटकून मिळते. कोमट गोड पाणी हें कोणत्याहि जंतूला पंगतीचें आमंत्रणच असते. लुई पाश्चर यांनीं १८७६ सालीं बिअरवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बिअर नासण्याचें खापर परक्या सूक्ष्म जीवांवरच फोडलेलें आहे. त्यानंतर १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनीं एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढवून दाखविलें. किटांतल्या लहानशा पुडींत पांच-सात ग्रॅम कोरडें किण्व असतें, तें या शोधाचें फळ होय. जंतुनाशक म्हणून क्लोरीनचें द्रव्य वापरलें तर भांडें पाण्यानें पुरतें खंगाळावें. तें मागें राहिलें कीं बिअरला दवाखान्याचा वास येतो.

डबा गरम पाण्यांत पंधरा मिनिटें ठेवला म्हणजे काकवी सैल होते. ती पिंपांत ओतून वर तीनएक लिटर उकळतें पाणी आणि किलोभर साखर घालावयाची, सर्व विरघळवावयाचें आणि गार पाण्यानें पिंप २३ लिटरच्या खुणेपर्यंत भरावयाचें. या साखरेविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. साध्या साखरेनें मादकता वाढते पण अंग वाढत नाहीं. बिअर पाणचट लागते. साखरेऐवजीं माल्टचीच पूड घातली तर खर्च थोडा वाढतो आणि चव पुष्कळ सुधारते. डब्यावर छापलेल्या सूचना हें सहसा सांगत नाहींत.

यानंतरचा प्रश्न उष्णतेचा. रस वीस अंश सेल्सिअसच्या आसपास निवाला म्हणजेच त्यावर किण्व भुरभुरावें. उकळत्या पाण्यानें भरलेल्या पिंपांत घाईनें पुडी रिकामी केली तर किण्व मरून जातें, आणि मग चार दिवस टक लावून बसलें तरी फेस येत नाहीं. उलट, तिकडील कित्येक नवखे गृहस्थ पिंप नेऊन गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपडे वाळविण्याच्या कपाटांत ठेवतात. तेथें काम झपाट्यानें होतें खरें, पण पंचविसापलीकडे उष्णता गेली कीं किण्व नको तीं द्रव्यें निर्माण करूं लागतें आणि बिअर उग्र होते. आपल्याकडे थंडींत इडलीचें पीठ फुगावें म्हणून भांडें उबेला ठेवतात. बिअरच्या बाबतींत बेताची थंडीच बरी.

एका दिवसाच्या आंत बहुधा फेसाचा जाड थर चढतो. किण्व साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बाम्ल वायु उत्पन्न करतें. दोहोंचें वजन जवळजवळ सारखें असतें, म्हणजे निम्मी साखर हवेंत उडून जाते म्हटलें तरी चालेल. झांकणावरच्या वांकड्या नळींत थोडें पाणी असतें. त्यांतून वायु बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आंत येत नाहीं. नवशिक्याचे कान सारखे याच बुडबुड्यांकडे लागलेले असतात. परंतु बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलें, असें मानणें ही या छंदांतली सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. झांकण किंचित् सैल असलें तरी बुडबुडे थांबतात, आणि खोली गार पडली तरीहि थांबतात.

खरें उत्तर हायड्रोमीटर देतो. दुधांत पाणी आहे काय हें पाहणारा लॅक्टोमीटर ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना हें यंत्र ओळखीचें वाटेल. साखरेच्या दाट पाण्यांत तें वर तरंगतें आणि साखर संपत जाईल तसें खालीं उतरतें. आरंभीं आंकडा १.०४० असला आणि शेवटीं १.०१० वर स्थिरावला, तर फरक ०.०३०, त्याला १३१ नें गुणलें कीं मद्यार्काचें शेंकडा प्रमाण निघतें, म्हणजे या उदाहरणांत सुमारें ३.९. दोन-तीन दिवस लागोपाठ एकच आंकडा आला तरच काम झालें असें समजावें. किटवर आठवड्याच्या आंत बाटल्या भरा असें लिहिलेलें असलें तरी दोन आठवडे थांबणारा पस्तावत नाहीं.

या सबुरीवर केवळ चव अवलंबून नाहीं. बाटल्या भरतांना दर लिटरमागें सहा-सात ग्रॅम साखर मुद्दाम घालतात; बुचाखालीं ती पुन्हां आंबते, वायु कोंडला जातो आणि बिअरला फेस येतो. लिटरभर द्रवांत चार ग्रॅम साखर आंबली कीं सुमारें एक लिटर वायु तयार होतो. आतां पिंपांतलें काम अर्धवट असतांनाच बाटल्या भरल्या, तर न आंबलेली साखर या हिशेबांत भर घालते, आणि बाहेर जाण्यास वाट नसलेला तो वायु कांच फोडतो. मध्यरात्रीं कोठींत एकामागून एक बाटल्या फुटण्याच्या गोष्टी त्या देशांत विनोदानें सांगतात, पण त्या कांचेनें डोळा जाऊं शकतो. शीतपेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्या नवशिक्याला म्हणूनच अधिक हितावह. त्या हातानें दाबून पाहतां येतात; दगडासारखी घट्ट लागली कीं बूच हळूच सैल करून वायु सोडावा. कांचेचीच हवी असेल तर ती बिअरचीच जाड बाटली असावी, आणि तीहि तपकिरी. पांढऱ्या कांचेंतून उजेड शिरला कीं हॉप्सला घाणेरडा वास सुटतो.

‘घरीं केलेली’ म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनांत विषारी दारूची भीति उभी राहते, आणि ती अकारण नाहीं. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें असल्या दारूनें शंभरावर माणसें मेलीं. त्या दारूंत मेथॅनॉल होतें. हा कारखान्यांतल्या उपयोगाचा स्वस्त विषारी पदार्थ असून नफ्यासाठीं तो दारूंत मिसळला जातो. सातूचा रस आंबल्यानें मेथॅनॉलचें नांव घेण्याइतकेंहि प्रमाण होत नाहीं, आणि येथें ऊर्ध्वपातनहि नसतें. आंबट, पाणचट किंवा दुर्गंधी बिअर घरीं होऊं शकते, पण तसलें विष होत नाहीं. मद्यार्काचे जे दोष सर्वश्रुत आहेत ते मात्र घरच्या बिअरलाहि तितकेच लागू आहेत. चार टक्के ते चार टक्केच, मग बाटलीवर चिठ्ठी असो वा नसो.

भरलेल्या बाटल्या पहिले आठ-दहा दिवस ऊबदार जागीं आणि मग गार जागीं ठेवतात. दोन आठवड्यांनीं उघडलेली पहिली बाटली बहुधा कच्ची, किंचित् हिरव्या सफरचंदाच्या चवीची लागते. तेवढ्यावर निराश होऊन उरलेली बिअर मोरींत ओतणारे लोक आहेत. पण किण्व बाटलींतहि काम करीत असतें, आणि सहाव्या आठवड्यांत तीच बिअर ओळखूं येत नाहीं इतकी निवळते. बाटलीच्या तळाशीं किण्वाचा पातळ थर बसलेला असतो. त्यानें अपाय होत नाहीं, पण रंग गढूळ होतो. म्हणून पेला तिरपा धरून, हात न थांबवितां एकाच धारेनें ओतावें आणि शेवटचा बोटभर भाग बाटलींतच राहूं द्यावा.